सेट लावला, गणपती बसवला

शंकेखोराची उमेद छापखान्यात गेली, हौशीची नाटका-मालिकांच्या नेपथ्यात. दोघेही चेंबूरचे, आणि भांडण एका इंग्रजी क्रियापदावरून : सेट.

शंकेखोर : मराठी माणूस सगळ्या वस्तू एकाच तऱ्हेनं ठेवत नाही. तो पाट मांडतो, उतरंड रचतो, बिछाना घालतो, पुस्तकं लावतो, पत्रिका जुळवतो, कोंदणात खडा बसवतो. प्रत्येक ठिकाणी हात वेगळा चालतो, म्हणून शब्द वेगळा. आता आपल्या चेंबूरच्या कुठल्याही सोसायटीत कान देऊन ऐका. नव्या घरात फर्निचर सेट होतं, पार्लरमध्ये केस सेट होतात, फ्रीजमध्ये पुडिंग सेट होतं, सून नव्या ऑफिसात सेट होते आणि मुलगा कॅनडाला गेला की त्याची लाइफ सेट होते. इंग्रजीला हा शब्द असा राबवायची सवयच आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच क्रियापदाची होती : सुमारे ६० हजार शब्द आणि ४३०च्या आसपास अर्थ. पुढे 'रन'ने ६४५ अर्थ दाखवून त्याला मागं टाकलं, तो त्यांच्या घरचा मामला. पण हा हरकाम्या गडी आपण कशाला ठेवून घेतला?

हौशी : हरकाम्या गडी आपल्याकडे आधीपासून आहे. तो घरचाच असल्यामुळे तुमच्या डोळ्यांत येत नाही, इतकंच. लावणे! आपण दिवा लावतो, कुलूप लावतो, झाड लावतो, नंबर लावतो, सूर लावतो, अर्थ लावतो, लळा लावतो. भटजी लग्न लावतात आणि पुढे त्या लग्नाची वाट कोणी लावली यावर दोन्ही घरं भांडतात, तीही याच क्रियापदानं. दाते आणि कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या वर्षांत काढलेल्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त 'लागणे' आणि 'लावणे' वाचायला बसा, चहा निवून जाईल. एका क्रियापदावर शंभर कामं टाकायची खोड सगळ्याच भाषांना असते.

शंकेखोर : असेल. पण 'लावणे' इतकी शतकं मराठीत आहे आणि त्याच्या शेजारी मांडणे, रचणे, जुळवणे सुखानं नांदली. 'सेट' आला आणि त्यांची एकेक खोली रिकामी व्हायला लागली. माझी तक्रार अर्थ किती याबद्दल नाही. शेजारी किती उरले, याबद्दल आहे.

हौशी : मग खोल्या मोजूया. सुरुवात खऱ्याखुऱ्या सेटपासून करू, कारण त्याचं गाव आपलंच. राज कपूर यांनी १९४८ साली चेंबूरला आर. के. स्टुडिओ काढला. 'आवारा'मधलं स्वप्नदृश्य आठवा. १९५१चा चित्रपट. ढगांतून वर चढत जाणारा जिना, धूर, अवाढव्य मूर्ती. कलादिग्दर्शन आपल्या एम. आर. आचरेकरांचं, म्हणजे मुळात चित्रकाराचं. आता असा सेट ज्यांच्या हातांनी उभा राहतो, त्या सुतारांचे, रंगाऱ्यांचे, लाइटवाल्यांचे शब्द ऐका. सेट लावला. सेट उभारला. सेट मोडला. 'सेट सेट केला' असं म्हणणारा मला आजवर भेटलेला नाही. वस्तू इंग्रजी नावानं आली, तिला हात लावायची क्रिया मात्र आपलीच राहिली. नाटकातही तेच. टेम्पोतून फ्लॅट उतरतात, मागून तिरक्या टेकणीनं उभे केले जातात, पायाशी वजन ठेवलं जातं, दोन फ्लॅटच्या सांध्यावर कापडी पट्टी चिकटते आणि कोणीतरी ओरडतो, "लागला का सेट?" क्रिकेटमध्येसुद्धा. इंग्रज कर्णधार फील्ड 'सेट' करतो, मुंबईकर फिल्डिंग लावतो. आणि एकदा लावायला शिकला की मैदान सोडून बदलीसाठी, अ‍ॅडमिशनसाठी, तिकिटासाठीही लावतो. हा अर्थ लॉर्ड्सवर कोणाला कळायचा नाही.

शंकेखोर : पण तुमच्याच धंद्यात 'नेपथ्य' हा शब्द होता की. श्रेयनामावलीत अजून तोच छापतात.

हौशी : छापतात आणि मला आवडतोही. पण त्याचं मूळ बघा. संस्कृत नाटकात 'नेपथ्ये' म्हणजे पडद्यामागून. नेपथ्य म्हणजे वेशभूषा, रंगभूषेची जागा. प्रेक्षकाला दिसत नाही ती बाजू. आपण त्याचा अर्थ उलटा केला आणि प्रेक्षकाला जे दिसतं त्याला नेपथ्य म्हणू लागलो. 'तो मी नव्हेच'चा १९६२मधला फिरता रंगमंच हे नेपथ्याचं नवल होतं, आणि सगळं नवल प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर! शुद्ध शब्दानं एवढी कोलांटी उडी मारली तर चालते, मग 'सेट'नं दोन पावलं टाकली तर एवढा जीव का जातो?

इथे शंकेखोरानं नेपथ्याचा मुद्दा सोडून दिला. तो हरला असं नाही, त्याला हवी असलेली वस्तू हौशीनंच अनवधानानं टेबलावर ठेवली होती.

शंकेखोर : आर. के.चं नाव काढलंत ते बरं केलंत. त्याच आवारात गणपती यायचा. सगळ्या चेंबूरला त्याचं अप्रूप होतं. २०१७च्या सप्टेंबरात एका डान्स रिअ‍ॅलिटी शोच्या सेटला आग लागली, स्टुडिओचा मोठा भाग गेला, जुने कपडे, जुन्या वस्तू गेल्या. तरी २०१८ला गणपती आला, तो तिथला शेवटचा. २०१९ला जागा गोदरेज प्रॉपर्टीजनं घेतली. आता सांगा, त्या आवारात सेट लावायचे, आणि गणपती?

हौशी : बसवायचे.

शंकेखोर : बसवायचे. गणपती कोणी सेट करत नाही, घट कोणी सेट करत नाही. 'सेट'चा खरा मराठी भाऊ 'लावणे' नव्हेच, 'बसवणे' आहे. आणि हे मी उगाच म्हणत नाही. इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' हे त्याचंच प्रयोजक रूप, म्हणजे बसायला लावणे, बसवणे. संस्कृतातल्या 'सद्' धातूच्या गोतावळ्यातलं. आपलं 'बसणे' आलं 'उपविश्'वरून, जुन्या मराठीत 'बैसणे'. मूळ वेगळं, पण घडण तीच. म्हणून तर कामंही तीच निघाली. त्यांचा वैद्य हाड सेट करतो, आपला हाडवैद्य हाड बसवतो. त्यांचा सोनार खडा सेट करतो, आपला बसवतो. त्यांचा संगीतकार शब्दांना चाल सेट करतो, आपला चाल बसवतो. शिवाय आपण नाटक बसवतो, दात बसवतो, नळ बसवतो, संसाराची घडी बसवतो, धंद्यात जम बसवतो. कुठे कमी पडलो होतो? इतका तयार शब्द घरात असताना 'केस सेट करून दे' म्हणताना मला आळस ऐकू येतो.

हौशी : केस बसवून मिळतील असं पार्लरच्या पाटीवर लिहून बघा. टक्कल पडलेलेच येतील.

हा विनोद बरा होता, पण त्यात उत्तरही होतं. एखादं क्रियापद एका कामात फार रुळलं की तिथेच दुसरं काम करायला नाखूष असतं. शंकेखोरानं मात्र विनोदाला दाद न देता व्याकरण काढलं.

शंकेखोर : पाहुणा आणि घरचा यांत फरक करायची मराठीची रीत आहे. फारसी-अरबीतून शब्द आले आणि आपण त्यांना सरळ क्रियापदाचे प्रत्यय लावले. बदल आला, बदलणे झालं. खर्च आला, खर्चणे झालं. गुजरणे, फर्मावणे, आजमावणे. ते मराठीत चालवले जातात : बदलला, बदलेल, बदलायला हवं होतं. 'सेट'चं काय? 'सेटला' नाही, 'सेटेल' नाही. त्याला 'करणे' किंवा 'होणे'च्या कुबड्या लागतातच.

हौशी : तुम्ही सोयीचे तेवढे मोजलेत. कबूल करणे, माफ करणे, जमा करणे, हजर होणे, यांच्याही कुबड्या आहेत, आणि या शब्दांना परके म्हणायला तुमची जीभ वळणार नाही. शिवाजी महाराजांच्या काळात 'राज्यव्यवहारकोश' झाला, दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरीही 'हजर' हजरच राहिला. तेव्हा कुबड्यांवरून नागरिकत्व ठरत नाही. उलट मला त्या करणे-होणेतच गंमत दिसते. 'केस सेट केले' यात कोणीतरी केलं. 'पुडिंग सेट झालं' यात कोणी काही केलं नाही, झालं. इंग्रजी 'सेट' दोन्हीकडे तसाच राहतो. मराठीनं त्याला दोन दारं काढून दिली.

शंकेखोर : दुसऱ्या दारातूनच तर माझं दही पळालं! घरात दूध कोमट करून, बोटानं ऊन बघून विरजण लावायचे. सकाळी दही लागायचं. लावलं आणि लागलं. कारण आणि परिणाम एकाच शब्दाच्या दोन रूपांत. थंडीत लागलं नाही तर भांडं कणकेच्या डब्यात नाहीतर दुलईत. आता म्हणतात, दही सेट झालं नाही. जणू विरजण, दूध, ऊब, यांतलं काहीच कोणाच्या हातात नव्हतं.

हौशी : दह्यावर मी हरलो, लिहून घ्या. पण त्याच न्यायानं सिमेंटवर तुम्हाला हरावं लागेल. स्लॅब पडल्यावर दोन वेगळ्या गोष्टी घडतात. आधी माल ओलसर लवचीकपणा सोडतो आणि त्याला आकार बदलता येत नाही, हे सेट होणं. त्याला मजबुती येते ती पुढचे दिवस पाणी मारत राहिल्यावर, आणि ताकद मोजायची ती २८ दिवसांनी. साध्या पोर्टलंड सिमेंटला भारतीय मानकात पहिल्या सेटिंगसाठी ३० मिनिटांपेक्षा कमी वेळ चालत नाही, शेवटच्या सेटिंगला ६०० मिनिटांपेक्षा जास्त चालत नाही. आता गवंड्याला 'घट्ट झालं का' विचारलंत तर तो कशाचं उत्तर देईल? सेट झालंय पण कच्चं आहे, हे एका वाक्यात सांगायला त्याला 'सेट' लागतो. चेंबूरमध्ये निम्म्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्यात, तिथे हा फरक चुकला तर खाली कोण राहणार आहे, याचाही विचार करा.

शंकेखोर : मान्य. धंद्याला शब्द लागतो तेव्हा तो घ्यावा. पण धंद्याला शब्द घडवताही येतो आणि याचा पुरावा मी स्वतः आहे. इंग्रजीत छपाईचा मजकूर 'सेट' करतात. आम्ही खिळे जुळवायचो. जुळवणारा तो जुळारी. डाव्या हातात स्टिक, उजवा हात केसमधल्या घरांवर. देवनागरीचे काने, मात्रा, रफार, जोडाक्षरं यांमुळे घरं शेकडो. टिळकांनीही खिळ्यांची संख्या कमी करायची खटपट केली होती, ती उगाच नव्हे. खिळा उचलला की त्याच्या अंगावरची खाच अंगठ्याला लागायची, तेवढ्यावरून तो सुलटा की उलटा ते कळायचं, बघावं लागायचं नाही. अक्षर आरशातलं, ओळ उलटी, आणि वाचणं तरी झरझर. मग शिसं गेलं, संगणक आला. खिळा नाही, खाच नाही, घर नाही. तरी मराठी पुस्तकाचं चौथं पान उघडा : मुद्रक, मुखपृष्ठ आणि 'अक्षरजुळणी'. शब्द टिकला. सक्ती कोणी केली नव्हती. रोज वापरत होतो, म्हणून टिकला.

हौशी : टिकला तो पानावर. त्या अक्षरजुळणीच्या दुकानात जा आणि ऐका. "सर, मॅटर सेट झालंय, प्रूफ पाठवू?"

शंकेखोर थोडा वेळ गप्प बसला. हौशीचा घाव बरोबर बसला होता. मराठीत असे शब्द पुष्कळ आहेत, जे छापले जातात आणि बोलले जात नाहीत. 'नेपथ्य' त्यांतलाच. नववीच्या गणितातला 'संच' शाळेत चालतो, तोच मुलगा घरी येऊन बुद्धिबळाचा सेट मागतो आणि उडप्याकडे सेट डोसा. तिथे तीन छोटे जाड डोसे येतात; त्यांना संच डोसा म्हणायची हिंमत शंकेखोरालाही झाली नसती. आणि प्राध्यापक व्हायला निघालेल्यांचा 'सेट' तर निव्वळ आद्याक्षरांचा, राज्याच्या पात्रता परीक्षेचा. तो झाल्याशिवाय दुसरा 'सेट' होत नाही, ही कोटी कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये इतकी झिजली आहे की तिला आता कोणी हसत नाही.

हौशी : मला तुमच्याकडून एका जागेचा शब्द हवा आहे. 'लाइफ सेट'. तुम्ही त्याला हसता. मला त्यात या उपनगराची मोठी कहाणी दिसते. फाळणीनंतर सिंधहून माणसं इथल्या छावणीत आली. पंच्याहत्तर वर्षं उलटली तरी त्या भागाचं नाव चेंबूर कॅम्प. कॅम्प म्हणजे तात्पुरता मुक्काम, आणि तिथे तिसरी-चौथी पिढी दुकानं चालवतेय. १९७६ साली, आणीबाणीत, ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी पाडली आणि हजारो लोकांना चीता कॅम्पला हलवलं. नंतरच्या काळात पाइपलाइनलगतच्या झोपड्या हटवून माणसं माहुलला, रिफायनरींच्या कुशीत पाठवली, आणि तिथली हवा सोसत नाही म्हणून ती न्यायालयात गेली. सरकार याला पुनर्वसन म्हणतं. पुनर्वसन दुसऱ्यानं केलेलं असतं. वसवलं, हलवलं, बसवलं, सगळीकडे करणारा वेगळा आणि ज्याचं होतं तो वेगळा. 'मी सेट झालो' म्हणणारा माणूस पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं बोलतो.

शंकेखोर : बस्तान बसवलं, असं म्हणता येतं. त्यात करणारा तोच असतो.

हौशी : येतं, पण बस्तान कशाचं बसतं? धंद्याचं, घराण्याचं. त्याला गाव लागतं, वेळ लागतो, चार माणसं ओळखीची लागतात. रिफायनरीत कंत्राटावर असलेल्या पोराला कायम नोकरी लागली तर तो काय म्हणेल? 'माझं बस्तान बसलं'? म्हणणार नाही. 'स्थिरस्थावर झालो'? ते पत्रिका जुळवणाऱ्या काकूंच्या तोंडी. त्याला एका दिवसात घडलेली गोष्ट सांगायची आहे. कालपर्यंत हलत होतं, आज हलायचं थांबलं. सिमेंटचाच अर्थ घ्या. मजबुती अजून यायची आहे, पण आता आकार मोडणार नाही.

शंकेखोर : आणि मोडला तर? तुमच्या 'लाइफ सेट'मध्ये मला धोका दिसतो तो हाच. घडी बसवली म्हणताना ती विस्कटू शकते हे त्या शब्दातच असतं. विस्कटली, पुन्हा बसवली. जम बसतो तसा जम उठतो. 'सेट' म्हटलं की काम संपलं. कंपनी बंद पडली, व्हिसा फिरला, इमारत पुनर्विकासाला गेली आणि बिल्डर भाडं द्यायचा थांबला, त्या दिवशी 'सेट' झालेल्या माणसाकडे बोलायला शब्द नसतो. 'अनसेट झालो' म्हणणार आहे का? बसणाऱ्या गोष्टीला उठता येतं.

हौशी : हे मला सुचलं नव्हतं. पण त्या शब्दामागची हाव मी खोटी ठरवू शकत नाही. ज्याची घडी तीनदा विस्कटली आहे, त्याला न विस्कटणाऱ्या गोष्टीसाठीच शब्द हवा असणार.

एवढं बोलून दोघे थांबते तर बरं दिसलं असतं. पण शंकेखोरानं मुख्य तक्रार मागे राखून ठेवली होती.

शंकेखोर : 'सेटिंग'चं काय करायचं? पोरा-पोरींची सेटिंग असते, ते एक वेळ सोडा. सूत जुळणं होतं, सेटिंग झालं. पण ऑफिसातली सेटिंग? मराठीत गैरप्रकाराला पायऱ्या होत्या. वशिला म्हणजे ओळख वापरली. चिरीमिरी म्हणजे थोडे पैसे दिले. लाच म्हणजे गुन्हा. साटंलोटं म्हणजे दोघांचा फायदा, संगनमत म्हणजे दोघांनी मिळून तिसऱ्याला फसवलं. ऐकणाऱ्याला कळायचं, काय झालं आणि किती वाईट झालं. 'वरपर्यंत सेटिंग आहे' या वाक्यातून काय कळतं? पैसे गेले की फोन गेला? कोणी दिले, कोणी घेतले? त्यात फर्निचरची सेटिंग आणि टेंडरची सेटिंग एकाच सुरात बोलली जाते. हाताची हालचाल लपली, हा माझा पहिला आक्षेप दह्यावर हास्यास्पद वाटला असेल. इथे नाही वाटणार.

हौशी : इथे मी हसतही नाही. पण तो शब्द वापरतं कोण, ते बघा. लाच घेणारा 'सेटिंग' म्हणत नाही, तो 'कागद पूर्ण करा' म्हणतो. 'सेटिंग आहे' म्हणतो तो रांगेत उभा राहून परत आलेला माणूस. त्याच्याकडे पुरावा नाही. तो 'लाच घेतली' म्हणाला तर अब्रुनुकसानीची नोटीस येईल. 'संगनमत' म्हणायला वकील लागतो. 'सेटिंग' म्हणून तो आरोपही करतो आणि अंगावरही येऊ देत नाही. तुम्ही म्हणता त्या पायऱ्या, त्या शोधून काढायला पोलीस असतात, पत्रकार असतात. त्याला फक्त एवढं सांगायचंय की वरून दिसतं तसं आत नाही.

शंकेखोर : आणि म्हणून पत्रकारही तोच शब्द छापतो, आणि पोलीसही तक्रार ऐकून 'सेटिंग असेल' म्हणून मान डोलावतात. जो शब्द दुबळ्याला आडोसा देतो तोच घेणाऱ्यालाही देतो. दोघांत जास्त गरज कोणाला आहे?

हौशी : दुबळ्याला.

शंकेखोर : जास्त फायदा?

हौशी : ते बातमी कोण लिहितो त्यावर. तुमच्या मुद्रितशोधनाच्या टेबलावर 'टेंडरमध्ये सेटिंग' असा मथळा आला असता तर काय केलं असतंत?

शंकेखोर : खोडून 'लाच' लिहिलं असतं. पैसे दिल्याचं बातमीत असतं तर.

हौशी : आणि नसतं तर?

शंकेखोर : तर वार्ताहराला परत पाठवलं असतं.

हौशी : आणि त्यानं परत येऊन सांगितलं असतं की कोणी बोलायला तयार नाही, पण सगळ्या वॉर्डाला माहीत आहे?

शंकेखोर : त्या वेळी छपाईला किती वेळ उरलाय, ते विचारलं असतं.